आक्कांच्या तक्रारींची वही

आक्कांच्या ऑपरेशननंतर मी त्यांच्याबद्दल वहीत जे लिहिलं, ते चांगल्या मनानं लिहिलं नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, कारण नातेवाइकांत त्या दिवसांची जी हकिगत सांगितली जाते तिच्यात मी फार सेवाभावी दिसते. 'नणंदेचं किती केलं हो यांनी,' असं बायका लग्नकार्यात माझ्याकडं बघून म्हणतात. मी खाली मान घालून जेवत राहते. केलं हे खरं. पण कशासाठी केलं ते त्यांना ठाऊक नाही.

आक्का माझ्या यजमानांच्या थोरल्या बहीण, वयानं वीस-बावीस वर्षांनी मोठ्या. नवरा लग्नानंतर दोन वर्षांत गेला, मागोमाग आई-वडील गेले, आणि हा धाकटा भाऊ कडेवर घेऊन त्या करमाळ्याकडच्या गावातून सोलापुरात आल्या. मिलमध्ये सूत गुंडाळायच्या खात्यात लागल्या. तीस वर्षं उभ्यानं काम केलं. भावाला मॅट्रिक केलं, सरकारी कचेरीत चिकटवलं, आणि मग त्याचं माझ्याशी लग्न लावून दिलं. हा सगळा इतिहास मला लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात ऐकवण्यात आला आणि पुढं कुठलंही भांडण निघालं की पुन्हा पहिल्यापासून.

भांडणं रोज निघत. मी बार्शीची, घरात सगळे मास्तर, आणि मीही नगरपालिकेच्या शाळेत शिकवायची. आक्का मला नावानं कधी हाक मारत नसत. 'मास्तरीणबाई' म्हणत, आणि ते असं म्हणत की शेजारची बाई तोंडाला पदर लावून हसायची. माझी भाकरी त्यांना कधी पसंत पडली नाही. "ही भाकरी हाय का पाटी? लिवता येतंय की हिच्यावर," असं म्हणून ताट सारायच्या. मला शाळेतून यायला पाच मिनिटं उशीर झाला की उंबऱ्यात बसून घड्याळाकडं बघायच्या. मीही काही साधी नव्हते. एकदा रागाच्या भरात मी त्यांची मिश्रीची डबी मोरीत ओतली. दोन महिने त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. ते दोन महिने माझ्या संसारातले सगळ्यांत शांत होते.

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. नळाला दिवसाआड पाणी यायचं, रेशनवर मिलो, म्हणजे अमेरिकेहून आलेली लाल ज्वारी, मिळायची. धुण्याच्या बादलीत आक्कांच्या चोळीवर मला एक पिवळट डाग दिसला. दोन दिवसांनी दुसऱ्या चोळीवर, त्याच जागी. मी विचारलं तर म्हणाल्या, "तुला काय करायचंय? धुवायचं तर धू, न्हायतर ठिव तितंच." मी यजमानांना सांगितलं. त्यांनी विचारलं तर आक्कांनी उडवून लावलं. शेवटी लेडी डॉक्टरांकडं नेलं तेव्हा कळलं की डाव्या छातीत लिंबाएवढी गाठ आहे, वरची कातडी आत ओढली गेली आहे, आणि आक्का वर्षभर तिच्यावर चिंधी बांधून वावरत आहेत.

त्या संध्याकाळी यजमान मला म्हणाले, "एका घरात राहतेस. तुला दिसलं नाही?"

"त्यांनी मला कधी जवळ येऊ दिलंय का?"

"तू कधी जवळ गेलीस का?"

नव्हते गेले. म्हणून तर मला जास्त राग आला.

ऑपरेशन झालं. डावी छाती पूर्ण काढली, काखेतलंही काढलं. कॅन्सर हा शब्द आक्कांसमोर कुणी उच्चारायचा नाही असं घरात ठरलं. 'खराब गाठ' म्हणायचं. मोठे डॉक्टर फेरीला आले, पट्टी बघितली आणि यजमानांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "ऑपरेशन उत्तम झालं. गाठ गेली. आता काळजी नाही." यजमानांनी ते वाक्य उराशी धरलं. कचेरीत, चाळीत, रस्त्यात भेटेल त्याला ते हेच सांगत सुटले. पंधरा दिवसांनी आक्का घरी आल्या तेव्हा घर जणू त्या एका वाक्यावर उभं होतं.

आणि आक्का घरी येऊन कण्हायला लागल्या.

त्या कधी कण्हणाऱ्यांतल्या नव्हत्या. मिलमध्ये बोटात सुई घुसली तर दातांनी उपटून काम पुढं चालू ठेवलं, असं त्याच सांगायच्या. आता त्यांना डावा हात खांद्यापर्यंत उचलता येईना. काखेच्या आतली बाजू बधिर होती, पण तिथंच आग होत होती. दोन्ही एकाच जागी कसं, ते मला कळत नव्हतं, म्हणून मी मानत नव्हते. कातडी ताणल्यासारखी वाटे, एका कुशीवर दहा मिनिटं निजता येत नसे. चार पावलं चालल्या की बसत. अन्नाला चव नव्हती. मिलोची भाकरी कुणालाच आवडत नव्हती, पण आक्का ज्वारीची केली तरी म्हणायच्या, "भुस्सा हाय नुस्ता."

यातलं प्रत्येक दुखणं त्या माझ्यावर घालत. पाठ दुखली की गादी मी नीट घातली नाही. आग झाली की मी पाणी कडक काढलं. झोप नाही आली की मी भांडी वाजवली. त्यांना एका हातानं लुगडं नेसता येत नव्हतं, केस बांधता येत नव्हते. मी शाळेत जायच्या आधी त्यांना नेसवायची आणि अंबाडा घालायची. कासोटा खोवताना त्या दात ओठ खात उभ्या राहायच्या.

"हळू की! तुज्या हाताला काटं हाईत काय?"

"हळूच करतेय."

"बैल बांधतीस काय? सोड. मी अशीच बसते उघडी."

मग मी खरोखरच सोडून द्यायची आणि दप्तर घेऊन निघायची. शाळेच्या वाटेवर अर्ध्यातून परत यायची, मुकाट्यानं लुगडं नेसवायची आणि पुन्हा निघायची. हेडबाईंची बोलणी खायची. हे मी दयेपोटी करत होते असं कुणाला वाटेल, पण उघड्या बसलेल्या आक्का शेजारणींना दिसल्या असत्या तर बोल मलाच लागला असता. मला तेवढीच भीती होती.

चोळीचं आणखी एक होतं. पूर्वीची गाठीची चोळी आता एका बाजूनं रिकामी पडत होती. मी तिथं जुन्या मऊ कापडाची घडी घालून शिवून दिली. आक्कांनी ती घडी उसवून माझ्या अंगावर फेकली. "बाहुली हाय का मी?" म्हणाल्या. त्यानंतर दिवसभर त्या अंगाभोवती पदर घट्ट लपेटून भिंतीकडं तोंड करून बसून राहिल्या.

आणि संध्याकाळी यजमान कचेरीतून आले, "आक्का, कसं वाटतंय?" म्हणाले, की आक्का उत्तर द्यायच्या, "बरं हाय की. तू च्या घे."

माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. यजमानांच्या डोळ्यांत मी खोटी पडत होते. मी म्हणायची, त्यांना फार त्रास होतोय. ते म्हणायचे, "मला तर ती काही बोलत नाही. तुझंच तिच्याशी पटत नाही, म्हणून तुला सगळं जास्त दिसतं." पंधरा दिवसांनी तपासायला नेलं तेव्हाही तेच. डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं, "काय आजी, बरं आहे ना?" आक्का म्हणाल्या, "व्हय, बरं हाय." यजमान म्हणाले, "तुमची कृपा." डॉक्टरांनी कागदावर काहीतरी खरडलं आणि पुढच्या माणसाला हाक मारली. जखम भरली आहे, एवढंच त्यांनी चोळी बाजूला करून पाहिलं. हाताकडं कुणी पाहिलं नाही. मी दाराशी उभी होते. घरी येताच आक्का ओरडल्या, "टांग्यात धक्के बसले. तुला नीट धरून बसता येत न्हाय?"

त्या रात्री नाही, पण दुसऱ्या दिवशी शाळेत मधल्या सुटीत मी एक कोरी वही काढली. तिच्यावर नाव घातलं नाही. मी ठरवलं, आठ दिवस या बाईची प्रत्येक तक्रार लिहायची, वेळेसकट. मग ती वही डॉक्टरांपुढं ठेवायची, त्यांच्यासमोर वाचायची, आणि यजमानांनाही वाचायला लावायची. एक तर आक्का डॉक्टरांशी खोटं बोलतात हे सिद्ध होईल, नाहीतर माझ्याशी खोटं बोलतात हे सिद्ध होईल. दोन्हीकडून त्यांची फजिती होईल. माझा हेतू एवढाच होता.

मुलांच्या वह्या तपासायची सवय असलेलं माझं अक्षर होतं. मी लिहिलं:

सकाळी सहा. हात जड. 'लाकूड बांधल्यावानी.' चहा दिला तो फेकला.

सकाळी नऊ. केस विंचरताना काखेत मुंग्या. मला शिवी.

दुपारी (शेजारणीनं सांगितलं). काही खाल्लं नाही. रडल्या.

संध्याकाळी सहा. अंग गरम. हात दुखतो. यजमान आल्यावर 'बरं हाय.'

'बरं हाय' हे शब्द मी प्रत्येक वेळी लाल शाईनं लिहिले. त्यात मला मजा वाटत होती, हे कबूल करते.

चौथ्या की पाचव्या दिवशी, रविवार होता, आक्कांनी मला पकडलं. यजमान बाजारात गेले होते. मी खिडकीशी बसून लिहीत होते.

"काय लिवतीस गं सारखी? पोरांचं मार्क?"

"नाही. तुमच्याबद्दल लिहितेय."

मला वाटलं त्या चिडतील. त्या भिंतीला टेकून बसल्या, डावा हात उजव्या हातानं उचलून मांडीवर ठेवला आणि म्हणाल्या, "वाच की मग."

त्यांना वाचता येत नव्हतं. मी सगळं वाचलं, शिव्यांसकट. मुद्दाम मोठ्यानं वाचलं. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. मुंग्यांपाशी आले तेव्हा त्यांनी उजवा हात वर केला.

"मुंग्या न्हाईत त्या. चूक लिवलंस. उकळतं त्याल सांडल्यावर कसं व्हतं, तसं. मुंग्या आल्या असत्या तर मी बोंबलले असते व्हय?"

मी खोडून 'उकळतं तेल' लिहिलं.

"आनि त्ये लाकूड बांधल्यावानी सकाळी न्हाय, सांजच्याला. सकाळी हलकं असतंय जरा."

तेही दुरुस्त केलं.

"आनि एक लिव." मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "जी कापून टाकली न्हवं का, तितं खाजतंय. हाय न्हाय तितं. खाजवाया जावं तर हाताला काय लागत न्हाय. येड लागायची येळ आलीय मला."

मी लिहिलं. मन विरघळलं म्हणावं तर तसं काही नाही. उलट मला राग आला. इतके दिवस हे सगळं पोटात ठेवून माझ्यावर चहा फेकत होत्या.

"हे तुम्ही डॉक्टरांना का नाही सांगितलं?"

"आनि रडली म्हनून लिवलंस, त्ये खोड."

"खोडणार नाही. रडलात की नाही?"

"माझ्या घरात ऱ्हाऊन माझंच लिवतीस. खोड म्हनते ना!"

"नाही खोडणार."

त्यांनी उजव्या हातानं वही ओढायचा प्रयत्न केला. मी धरून ठेवली. एक पान फाटलं. शेवटी ती वही माझ्याकडं राहिली आणि आक्का दुपारभर मला ऐकू जाईल अशा आवाजात माझ्या माहेरचा उद्धार करत राहिल्या.

पुढच्या तपासणीच्या दिवशी यजमानांच्या कचेरीत साहेब तपासणीला येणार होते. त्यांना सुटी मिळेना. मी शाळेत रजा टाकली आणि आक्कांना टांग्यात घालून नेलं. वही माझ्या पिशवीत होती. ऊन चढलं होतं. दवाखान्याच्या व्हरांड्यात खेड्यांतून आलेली माणसं भिंतीच्या सावलीला दाटीवाटीनं बसली होती. आमचा नंबर यायला दोन तास लागले.

"काय आजी, बरं आहे ना?"

"व्हय. बरं हाय."

मी वही टेबलावर ठेवली. "डॉक्टरसाहेब, बरं नाही. हे वाचा."

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं, मग वहीकडं. "हे काय?"

"आठ दिवसांचं लिहिलंय. घरी या काय म्हणतात आणि इथं काय म्हणतात, बघा तुम्हीच."

"बाई, बाहेर किती लोक बसलेत दिसत नाही का? मी काय आता तुमची वही तपासत बसू? जखम भरलीय. दुखतं थोडं, दुखणारच. मोठं ऑपरेशन आहे."

"थोडं नाही दुखत."

"तुम्ही डॉक्टर आहात का?"

"मी शिक्षिका आहे. लिहिलेलं वाचल्याशिवाय मी मुलांना मार्क देत नाही."

आता आठवलं की मला लाज वाटते, पण मी हे खूप मोठ्यानं बोलले. व्हरांड्यातली माणसं आत डोकावायला लागली. डॉक्टर लाल झाले. "सिस्टर, यांना बाहेर घ्या," म्हणाले. आक्का माझ्या दंडाला धरून पुटपुटल्या, "चल गं. चल म्हनते ना. इज्जत घालवलीस." मी दंड सोडवून घेतला. ती जी सिस्टर होती, पन्नाशीची, जाड भिंगांची, ती आली. तिनं मला बाहेर काढलं नाही. तिनं वही उचलली आणि उभ्या उभ्या वाचायला लागली. पानं उलटताना तिचं बोट एका जागी थांबलं, मग पुढच्या पानावर त्याच जागी.

"रोज संध्याकाळी ताप आहे?" तिनं मला विचारलं.

"अंग गरम असतं."

"आजी, आत या."

तिनं आक्कांना पडद्यामागं नेलं, मलाही बोलावलं. शिंपी वापरतो तशी टेप काढून तिनं आधी उजव्या दंडाला गुंडाळली, मग डाव्या. मग कोपराखाली. डावा हात चांगलाच सुजला होता. रोज तो हात पाहणाऱ्या मलाही ते कळलं नव्हतं, कारण आक्का तो कायम पदराखाली ठेवायच्या आणि मी नेसवताना त्यांच्या तोंडाकडं बघत भांडत असायची. दंडाच्या आत, वरपर्यंत, लालसर पट्टा उमटला होता. सिस्टरनं तिथं बोट दाबलं तर खळगा पडून राहिला. आक्कांनी ओठ दातांत धरला.

सिस्टर बाहेर गेली आणि डॉक्टरांशी हळू आवाजात बोलली. डॉक्टर आत आले. त्यांनी हात पाहिला, ताप पाहिला आणि मग आक्कांवरच ओरडले.

"हे आधी का नाही सांगितलं? हातात संसर्ग चाललाय. आणखी चार दिवस गेले असते म्हणजे?"

आक्का त्यांच्याकडं वर बघून म्हणाल्या, "तुमी इचारलं कवा? तुमी 'बरं हाय ना' म्हनता. मी व्हय म्हनते. तुमालाबी त्येच पायजे व्हतं की."

सिस्टर सुई उकळायला वळली.

आक्कांना आठवडाभर तिथंच ठेवून घेतलं. पेनिसिलिनची इंजेक्शनं दिली. लाली गेली, ताप गेला, सूज अर्धी उतरली. सिस्टरनं मला समजावून सांगितलं की काखेतलं काढलं की हातातलं पाणी वर चढत नाही, साचतं, आणि नसा कापल्यामुळं बधिरपणा आणि आग एकाच जागी असू शकते. खोटं नसतं ते. नसलेल्या जागी खाजतं, तेही खोटं नसतं. मी विचारलं नव्हतं, पण ती माझ्याकडं रोखून बघून म्हणाली, "माणसं सांगत नाहीत. वयस्कर तर मुळीच सांगत नाहीत. आणि घरचे म्हणतात, नाटक करतात." मी खाली बघितलं. तिनं हात उशीवर उंच ठेवायला सांगितला, ओझं उचलायचं नाही, आणि रोज भिंतीसमोर उभं राहून बोटांनी भिंत चढायची, जिथवर जाईल तिथवर.

त्या आठवड्यात एका दुपारी कॉटशेजारी बसून मी आक्कांना पुन्हा विचारलं, का नाही सांगितलंत? मला वाटलं, आता तरी नीट बोलतील.

"मिलमधी जी बाई बरं न्हाय म्हनायची, तिच्या जागी दुसऱ्या दिशी बदलीवाली हुबी असायची. बरं न्हाय म्हनाया शिकलेच न्हाय मी. आनि हितं म्हनले असते तर ह्यांनी हात बी कापला असता. एक कापलं त्येंनी, त्येंचं काय जातंय?" मग जरा वेळानं, "आनि भावाला सांगितलं असतं, तर त्यो रडला असता. त्येचं रडनं मला बघवत न्हाय. तुजं काय, तू रडनारी न्हाईस."

हे माझं कौतुक होतं की काय, ते आजही ठरवता येत नाही.

घरी मात्र निराळंच रण माजलं. दवाखान्यात मी तमाशा केला ही बातमी यजमानांच्या कचेरीपर्यंत गेली होती. ते म्हणाले, "डॉक्टरांना चारचौघांत असं बोलतात? उद्या पुन्हा त्यांच्याच पायाशी जायचंय आपल्याला."

"आक्कांचा हात गेला असता."

"ते मला सांगायचं होतं."

"सांगितलं नव्हतं? तुम्ही म्हणालात, मला जास्त दिसतं."

मग मी जे बोलायला नको होतं ते बोलले. "ऑपरेशन झाल्यापासून तुम्ही एकदा तरी त्यांची जखम पाहिलीत का? एकदा? तो हात हातात घेतलात का? नुसतं दारातून 'कसं वाटतंय' विचारता. तुम्हाला 'बरं' ऐकायचं असतं, म्हणून त्या 'बरं' म्हणतात."

यजमान टोपी घालून बाहेर गेले. चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी आक्का परत आल्यावर मी पाहिलं, ते आक्कांच्या गादीशी खाली बसले होते आणि त्यांचा सुजरा हात आपल्या मांडीवर घेऊन, काय करावं ते न कळून, नुसता धरून बसले होते. आक्का म्हणाल्या, "सोड आता. जड लागतंय." त्यांनी सोडला नाही.

भिंतीचा व्यायाम माझ्याकडं आला. मोरीशेजारच्या भिंतीवर मी पेन्सिलीनं रेघ मारली, जिथं पहिल्या दिवशी बोटं पोचली तिथं. ती छातीइतकी होती. रोज सकाळी शाळेआधी आक्का भिंतीकडं तोंड करून उभ्या राहायच्या आणि मी मागं.

"अजून दोन बोटं."

"मोडंल हात."

"मोडत नाही. चला, अजून."

"तुज्या आईनं तुला दगड खाऊन जन्माला घातलंय."

"एक बोट तरी."

त्या शिव्या देत एक बोट चढायच्या. मी रेघ मारायची. शेजारणी दारात येऊन ऐकायच्या, कारण अशी करमणूक चाळीत दुसरी नव्हती. मी त्यांच्यावर एकदाही माया दाखवली नाही आणि त्यांनी एकदाही आभार मानले नाहीत. रेघा मात्र वर चढत गेल्या. दिवाळीच्या सुमारास बोटं कानाच्या वर पोचली. आग कमी झाली, गेली नाही. खाज अधूनमधून यायची. हात कायमचा थोडा जाड राहिला आणि त्या आपल्या दोन चांदीच्या बांगड्या उजव्या हातातच घालायला लागल्या. जेवण वाढलं. एका सकाळी मी फणी घेऊन गेले तर आक्कांनी आपला अंबाडा स्वतः घालून ठेवला होता. तिरका होता.

"बघतीस काय? तुजं काम सपलं."

मला आनंद झाला असावा. पण माझ्या तोंडून निघालं ते, "तिरका झालाय." त्यावरून दोन दिवस भांडण चाललं.

पाऊस-पाणी बरं झालं त्या वर्षी आक्कांनी एकदम जाहीर केलं की त्या गावाकडं, जेऊरजवळ, चुलतभावाच्या मळ्यात राहायला जाणार. कारण भाकरीचं निघालं. मी म्हणाले, भाकरी आवडत नसेल तर आता दोन्ही हात आहेत, स्वतः थापा. त्या म्हणाल्या, "थापीन. पर तुज्या तव्यावर न्हाय." यजमानांनी समजूत घातली, हातापाया पडले. आक्का ऐकेनात. मी समजूत घातली नाही.

त्यांना गाडीत बसवायला मीच गेले, कारण यजमानांना सोडवत नव्हतं. पॅसेंजर गाडी उभी होती. ट्रंक मी उचलली, कारण त्यांना ओझं उचलायची बंदी होती. त्यांनी खिडकीशी जागा धरली आणि पदर नीट केला. आता पदर त्या सैल घेत होत्या.

"दर सहा महिन्यांनी तपासायला यायचं," मी म्हणाले. "आला नाहीत तर मी येऊन नेईन."

"यीन. पर तुज्या घरात जेवनार न्हाय."

त्या दर सहा महिन्यांनी आल्या. जेवल्याही, आणि प्रत्येक वेळी काहीतरी नाव ठेवून गेल्या. गाठ परत आली नाही. नऊ वर्षांनी मळ्यातच, दुपारी जेवून पडल्या असताना, हृदय थांबून त्या गेल्या. तार आली तेव्हा यजमान मोठ्यानं रडले. मी स्वयंपाकघरात जाऊन पिठाचा डबा झाकून ठेवला, शाळेत निरोप धाडला आणि दोघांचे कपडे पिशवीत भरले. जेऊरला उतरून मळ्यापर्यंत बैलगाडीतून जाताना यजमान म्हणाले, "तुला तिचा फार राग होता."

"होता," मी म्हणाले. "त्यांनाही माझा होता."

मळ्यात बायकांनी आक्कांना अंघोळ घातली. नेसवायचं काम होतं, हात वर करून चोळी घालायची होती, आणि त्या बायकांना डावा हात कसा उचलावा ते कळेना. मी पुढं झाले.